कापायचं की ठेवायचं

सोमवार, ३

धाकटी गेली. सकाळच्या गाडीने लेकीकडे, बाळंतपणाला. धाकटी म्हणजे माझी जाऊ. घरात दिरांची बायको आणि दुकानात माझी भागीदार. कुत्र्यांना आंघोळ घालायची, केस कापायचे, नखे काढायची, असे आमचे दुकान आहे. नऊ वर्षे झाली. ती पुढच्या खोलीत बसून माणसे सांभाळते, मी काचेच्या दारामागे कुत्री सांभाळते. माझे काम सोपे. कुत्रे कधी 'मागच्या वेळी असं नव्हतं' म्हणत नाही.

निघताना ही वही हातात दिली. म्हणाली, "ताई, गिऱ्हाईकाला जे जे म्हणावंसं वाटेल ते ह्यात लिहायचं. तोंडाने फक्त 'बरं' म्हणायचं."

"आणि तू आल्यावर वाचणार."

"नाही वाचणार."

"वाच की. तुझ्याबद्दलही लिहीन."

"म्हणूनच नाही वाचणार," म्हणाली आणि गाडीत चढली.

मी चौथीपर्यंत शिकले. एक ओळ लिहायला मला पाव तास लागतो, तेवढ्यात राग निम्मा होतो. धाकटी मूर्ख नाही.

गाळ्याच्या मालकांनी मागच्या महिन्यात बजावले आहे. करार ह्या तीसला संपतो. वरच्या मजल्यावरून भुंकण्याची तक्रार गेली, शेजारून मोरीत केस तुंबल्याची गेली. आता एक तक्रार आली तरी गाळा औषधवाल्याला, तो केव्हाचा मागे लागला आहे. हे त्यांनी धाकटीला सांगितले. मी चार पावलांवर उभी होते तरी मला नाही. मला मेले कोणी काही थेट सांगतच नाही.

माझे वय बावन्न. कात्री सोडून मला दुसरे काही येत नाही. तीस तारखेपर्यंत तोंड शिवून ठेवायचे आहे.

बुधवार, ५

लोकांना हळू बोलता येत नाही. दोन दिवस पुढे उभी राहिले तर कान किटले. शिंपीणबाई आल्या, पांढऱ्या पिल्लाला काखेत मारून. माझ्या नाकाला नाक लावून म्हणतात, "नखं! का-पा-य-ची! नखं!" आणि स्वतःची दहा बोटे माझ्यासमोर नाचवली.

मी म्हटले, "बरं."

म्हणायचे होते ते हे: बाई, नखे म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, माझ्याही बोटांना आहेत.

बेकरीवाला त्यापेक्षा बरा. त्याने चिठ्ठी आणली. मोठ्या अक्षरात, 'आंघोळ. कान साफ. शेपटीला हात नको.' माझ्या चौथीला झेपतील एवढी मोठी अक्षरे, भला माणूस. जाताना ताज्या पावाची पिशवी ठेवली आणि माझ्याकडे असे बघितले, जशी मी मोठ्या आजारातून उठले आहे. पाव चांगला होता.

धाकटीने हा आरडाओरडा नऊ वर्षे सोसला. मी आत केस वाळवायचा ब्लोअर लावून मजेत. ती घरी गेल्यावर डोके धरून बसायची, तेव्हा मी म्हणायचे, बसून बसून डोके दुखते होय तुझे. लिहिले आहे इथे. चूक ती चूक.

शनिवार, ८

शाळेच्या मोठ्या बाई आल्या, म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांचा तपकिरी कुत्रा आमच्याकडून घरी गेला की दोन दिवस रुसतो, अशी त्यांची तक्रार. "कोणाशी! बोलत! नाही!" कुत्रा!

'तक्रार' शब्द ऐकून मला गाळ्याचे मालक आठवले. मी म्हटले, "बरं."

"तुम्ही त्याला रागावता का?" हे हाताने चापट मारून दाखवले.

"बरं," मी म्हटले.

मग एकदम डोळे ओले करून म्हणाल्या, घरात माझ्याशीही कोणी बोलत नाही, मुले मोठी झाली. मी परत म्हटले, "बरं." त्यांनी माझा हात दाबला आणि पुढच्या महिन्याची वेळ लिहून घेतली. ह्या एका शब्दात औषध आहे. डॉक्टरपेक्षा धाकटीला जास्त कळते.

मात्र लोकांना लाज नाही. एक बाई बाकावर बसून फोनवर बोलत होत्या. मैत्रिणीला सांगत होत्या की नवऱ्याला कुत्र्याच्या इंजेक्शनचे खोटे कारण सांगितले, म्हणून नणंदेकडचे जेवण टळले. मी समोर उभी. माझ्याकडे बघून हसल्यासुद्धा. मी त्या नवऱ्याची कोण लागते? पण तरी, भिंतीसमोर बोलावे तसे बोलतात.

गुरुवार, १३

चष्मेवाले मलमलला घेऊन आले. कोपऱ्यावर त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. सभ्य माणूस, ओरडत नाही. मलमल म्हणजे लांब केसांची कुत्री, वीतभर केस, रेशमासारखे. दर तीन महिन्यांनी येते. एरवी धाकटी आत येऊन सांगते, काय करायचे ते. आज ती नाही.

त्यांनी मलमलच्या पाठीवर हात फिरवला. मग अंगठा आणि पहिले बोट माझ्यासमोर धरले, मधे अर्ध्या बोटाची फट. भुवया वर केल्या. बोलले काही नाही.

मी म्हटले, "बरं."

ऊन किती वाढले आहे, बिचारीला उकडत असेल, बरे केले साहेबांनी, असे मनात आले. दोन तास लागले. अर्धे बोट म्हणजे अर्धे बोट, कुठे एक केस वर नाही. पोटाखाली, काखेत, कानांमागचे सोडून सगळीकडे सारखे. मशीन न लावता कात्रीने केले. नऊ वर्षांत असे सुबक काम झाले नसेल.

पाच वाजता न्यायला आले. दारातच थांबले. मलमल शेपूट हलवत गेली, तर साहेब दोन पावले मागे. मग खिशातून कागद काढून लिहिले आणि माझ्यापुढे धरला: 'हे काय केलंत?'

मी म्हटले, "तुम्ही सांगितलं तेवढंच."

परत लिहिले: 'एवढे कापा म्हटले होते. एवढे ठेवा नाही.' आणि पुढे, घाईघाईने: 'माझ्या आईला दिसत नाही. ती हिला हाताने ओळखते.'

तोंडातून निघाले, "बरं."

हे म्हणायला नको होते. माणसाचा चेहरा बघून कळले. मलमलला उचलून घेऊन गेले.

म्हणायचे होते ते इथे लिहावे म्हणून बसले आहे, पण काही आठवत नाही.

शुक्रवार, १४

धाकटीच्या लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनवर धाकटी हसते आणि रडते. "दुकान कसं आहे?" विचारले. मी म्हटले, "चाललंय." मलमलचे नाही सांगितले. तिला आत्ता कशाला घोर? देवाची कृपा, सगळे नीट पार पडले.

सोमवार, १७

तक्रार आली. मालकांनी ह्यांच्या हातात दिली, कागदावर सही करून. हे म्हणजे माझे यजमान. जेवण झाल्यावर टेबलावर पाणी पुसून कागद उघडला आणि वाचायला लागले.

"'माझी कुत्री मलमल हिला दिनांक तेरा रोजी... सदर बाईंना ऐकू येत नसल्यामुळे मी बोटांनी खूण करून...'"

"थांबा. कुठल्या बाईंना?"

ह्यांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"बाईंना म्हणजे, तुला."

"मला काय झालंय?"

"ऐकू येत नाही."

"मला?"

"हे बघ, ओरडू नकोस."

"मी ओरडले नाही!"

"म्हणूनच लोकांना पटतं," हे म्हणाले.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. दुकान उघडले त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. कोणी कुत्रा घेऊन येई, आत डोकावून मला काही विचारी. मी हातात कात्री असताना माणसांशी बोलत नाही, मान वर करत नाही. कुत्र्याचा कान कापला गेला तर? लोकांना वाटे, ही बाई माजोरी आहे. एकाच आठवड्यात पाचजण परत फिरले. सहावा निघाला तेव्हा धाकटी पटकन बोलून गेली, "रागावू नका हो, त्यांना ऐकू येत नाही." तो माणूस विरघळला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन आला.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तूच राहिली होतीस."

"नऊ वर्षं!"

"आज कळेल उद्या कळेल म्हणून वाट बघितली. मग सवय झाली," हे म्हणाले, आणि वर विचारतात, "चहा टाकू?"

मंगळवार, १८

आज वहीला काम आहे.

धाकटे, तू मला नऊ वर्षे बहिरी करून ठेवलेस. शिंपीणबाईची बोटे माझ्या नाकात गेली ती तुझ्यामुळे. बेकरीवाल्याचा पाव मी बहिरी म्हणून खाल्ला. कोण्या बाईने माझ्या खांद्यावर थोपटले, कोणी मागच्या वर्षी कुठल्याशा जडीबुटीच्या तेलाची बाटली दिली, मी ती कुत्र्यांच्या कानात घालायची समजून घातली. आणि चष्मेवाले बोलले नाहीत, बोटे दाखवली, तेही तुझ्यामुळेच. तोंडाने 'कापा' म्हणाले असते तर मलमलचे केस जागेवर असते आणि गाळा आपल्या हातात असता.

सबंध पान भरले वरच्यासारखे. ते फाडले. जरा जास्त झाले होते.

कारण दुपारी टब घासताना एक आठवले. गिऱ्हाईक समोर असले की धाकटी आत यायची, माझ्या खांद्याला हात लावायची, मला स्वतःकडे वळवायची आणि तोंडाकडे तोंड करून सावकाश बोलायची. मला वाटे लाडाने करते. घरात असे कोणी करत नाही. मला ते आवडायचे. आता कळते की तो लोकांसाठी देखावा होता. पण लोक गेल्यावरही ती तसेच करायची. ते कशाला?

ती नसती तर दुकान पहिल्याच महिन्यात बसले असते. हे खरे आहे, आणि हे लिहायला मला कोणी सांगितलेले नाही.

गुरुवार, २०

मालक उद्या चष्मेवाल्यांना घेऊन दुकानात येणार. समोरासमोर काय तो निकाल.

ह्यांचा सल्ला: "उद्या बहिरीच राहा. बहिऱ्या बाईची चूक लोक पोटात घालतात. ऐकू येत असून केलं म्हटलंस तर गाळा गेला."

"आणि मी बोलले तर?"

"तर धाकटी खोटी ठरते. नऊ वर्षांच्या गिऱ्हाइकांपुढे. परत आल्यावर त्या बाकावर बसेल कशी?"

हे कधी नव्हे ते बरोबर बोलले. मला खोटे बोलता येत नाही, गप्प राहून खोटे बोलणे तर त्याहून येत नाही. माझा जीव फुटेल.

शुक्रवार, २१

अकरा वाजता आले. मालक बाकावर बसले, चष्मेवाले उभे, हे माझ्या बाजूला. मालक माझ्या डोक्यावरून ह्यांच्याशीच बोलायला लागले. "बाईंचा दोष नाही म्हणा, देवाने दिलेलं व्यंग आहे. पण धंदा म्हटला की..."

मी म्हटले, "मला ऐकू येतं."

मालकांनी ह्यांना विचारले, "काय म्हणाल्या?"

"त्यांना नका विचारू. मला विचारा. मला ऐकू येतं, पहिल्यापासून येतं. धाकटीला तसं सांगायला मीच भाग पाडलं. मला माणसांशी बोलायचा कंटाळा. ती नको नको म्हणत होती."

खोटे बोलणे इतके सोपे असते हे ठाऊक नव्हते. एका दमात गेले. ह्यांनी माझ्याकडे असे बघितले, जशी काही मी सर्कशीतली उडीच मारली.

मग मालक म्हणाले, "नऊ वर्षं सगळं ऐकू येत होतं?"

"ब्लोअर बंद असेल तेव्हाचं सगळं."

"म्हणजे मागच्या वर्षी मी इथे बसून... फोनवर..."

"कोणाशी बोलत होतात ते मला काय ठाऊक? पण 'बायकोला कळू देऊ नकोस' एवढं तीन वेळा म्हणालात."

मालकांचे तोंड आधी लाल, मग पांढरे. पाणी मागितले. मी दिले. उन्हाचे आले होते, वय झाले आहे, तब्येतीला जपायला हवे त्यांनी.

मग मी चष्मेवाल्यांकडे वळले. "साहेब, बोटं तुम्ही दाखवलीत, पण विचारायचं मी होतं. कापायचं की ठेवायचं, एवढे दोन शब्द. मी 'बरं' म्हणून मोकळी झाले. माझं चुकलं."

ही वाक्ये मी आयुष्यात कोणाला म्हटली नव्हती. नवऱ्याला तर नाहीच. हे बाजूला खोकले.

चष्मेवाले हळू आवाजात बोलले. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. छान आवाज आहे. म्हणाले, "मला तुमचा राग नाही आला. आई आठ दिवस मलमलला जवळ घेत नाही. ती येऊन मांडीवर डोकं ठेवते आणि आई ढकलते. म्हणते, दुसऱ्याचं कुत्रं आणून ठेवलंस, माझी मलमल गेली तर सांग तसं. ती रडते हो. मी काय करू?"

मालक मधेच घाईने म्हणाले, "तुम्ही तक्रार मागे घेतलीत तर माझं काही म्हणणं नाही. अजिबात नाही."

"आईने मलमलला घेतलं तर घेईन मागे," चष्मेवाले म्हणाले.

मी म्हटले, "उद्या येते तुमच्याकडे."

शनिवार, २२

गेले. चष्म्यांच्या दुकानाच्या वरच घर आहे. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत मावशी. पंचाऐंशीच्या असतील. मुलगा सगळ्यांना चष्मे करून देतो आणि आईला आता कुठलाच चष्मा चालत नाही. मलमल पायाशी, हातभर अंतर ठेवून.

"कोण आलंय?"

"कुत्र्यांचे केस कापणारी."

"तूच सोललीस हिला?"

"हो."

"मी म्हटलं, हे मलमल नव्हे. तर मुलगा म्हणतो, आहे. का सोललीस?"

"तुमच्या मुलाने बोटाने दाखवलं, मी उलटं समजले."

"का? तोंड नव्हतं त्याला?"

"दोघांनाही होतं, मावशी."

मावशी हसल्या. दात नाहीत, पण हसणे मोठे. मग म्हणाल्या, "खोटं नको सांगू. ही तीच आहे?"

मी मलमलला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवले. मावशींनी हात लावला आणि काढून घेतला, विस्तव लागल्यासारखा. "हिला वास येतो," म्हणाल्या. "फुलांचा. माझ्या मलमलला वास नव्हता असला."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. केस कमी, म्हणून शांपूचा वास कातडीलाच बसलेला. आणि त्या दिवशी मी नवा शांपू उघडला होता, मोगऱ्याचा. काम छान झाले म्हणून दोनदा लावला होता. आठ दिवस मावशी हाताने आणि नाकाने, दोन्हीकडून फसत होत्या. मुलाला फक्त केस दिसले. डोळे असलेल्याचे असेच होते.

मी म्हटले, "बाथरूम कुठे आहे?"

मलमलला त्यांच्याच बाथरूममध्ये नुसत्या कोमट पाण्याने चार वेळा धुतले. शांपू नाही, काही नाही. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी. मग मावशींची जुनी चादर मागितली, त्यांच्या अंगावरची. तिने पुसले, तिच्यातच गुंडाळून बाहेर आणले. चष्मेवाले दारात उभे, हातात तो कागद नाही, काही नाही, नुसते उभे.

मावशींनी वास घेतला. हात पाठीवरून नेला नाही, मी नेऊ दिला नाही, पाठीवर काही उरलेलेच नाही. त्यांचा हात धरून मी कानाकडे नेला. कानाच्या मागचे केस मी कधीच कापत नाही, तिथली कातडी पातळ असते. डाव्या कानामागे कातडीखाली जुनी गाठ होती, वाटाण्याएवढी. मावशींचे बोट तिथे थांबले.

"गाठ आहे," म्हणाल्या.

"आहे."

"ही गाठ मी रोज चोळते." मग तिला म्हणाल्या, "मेले, किती वाळलीस तू." आणि मलमलने त्यांची हनुवटी चाटली.

चष्मेवाले आत निघून गेले. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ सोडला होता.

निघताना मावशी म्हणाल्या, "केस यायला किती दिवस?"

"वर्ष तरी लागेल."

"थांबते तेवढी," म्हणाल्या. "पुढच्या वेळी मी स्वतः येईन कापून घ्यायला. बोटं नाही दाखवणार."

सोमवार, २४

गल्लीत पसरले. सकाळपासून लोक येतात आणि दारात चाचरतात. शिंपीणबाई आल्या, इतक्या हळू बोलल्या की मला खरेच ऐकू येईना. मी म्हटले, "जरा मोठ्याने." त्यांना रडू का हसू कळेना.

इंजेक्शनवाल्या बाई कुत्रा न घेताच आल्या. "त्या दिवशी मी फोनवर काहीबाही बोलत होते..."

"हो."

"तुम्ही काय ऐकलंत?"

"तुमचा कुत्रा इंजेक्शनला भीत नाही, एवढंच."

त्या गेल्या आणि अर्ध्या तासात कुत्रा घेऊन परत आल्या.

बेकरीवाल्याला मी सांगितले, "पाव परत देऊ शकत नाही, खाल्ला." तो म्हणाला, "मला वाटलं तुम्हाला कोणी नाही म्हणून दिला होता." मी म्हटले, "कोणी आहे. तरी देत जा." आज परत पिशवी ठेवून गेला. ह्या वेळी चिठ्ठी नव्हती, तोंडाने सांगितले. प्रत्येकाला मी विचारते, कापायचं की ठेवायचं. काहींना राग येतो, इतके साधे काय विचारता म्हणून. येऊ दे.

तीन गिऱ्हाईके तुटली. मोठ्या बाई मात्र आल्या. बाकावर बसून म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतं हे कळल्यावर जास्त बरं वाटलं. म्हणजे त्या दिवशी तुम्ही खरंच ऐकलंत." मी बरं म्हटले.

बुधवार, २६

चष्मेवाल्यांनी तक्रार मागे घेतली. मालकांनी नवा करार स्वतः आणून दिला, पाच वर्षांचा. वरच्या मजल्यावरच्यांना आणि शेजारच्यांना मीच समजावतो म्हणाले. जाताना पुन्हा विचारले, "तुम्ही कोणाकडे काही बोलत नाही ना?" मी म्हटले, "मला कुठे वेळ आहे?" त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. उगीच लोक त्यांना कडक म्हणतात. मनाने मोठा माणूस आहे. देव त्यांना आणि त्यांच्या बायकोला सुखी ठेवो.

आता पाच वर्षे कात्री माझ्या हातात. आज टब घासताना मधेच थांबून पदराने डोळे पुसले. बावन्नाव्या वर्षी टबाला बघून रडणारी मी पहिलीच असेन.

शुक्रवार, २८

धाकटीचा फोन आला. ह्यांनीच चुगली केली. पहिली दोन मिनिटे नुसते हुंदके, मागून बाळ रडते, कोणाचे कोणते कळेना.

"ताई, तुम्ही तुमच्यावर का घेतलंत? खोटं माझं होतं."

"तुला बाकावर बसायचंय."

"मी तुम्हाला बहिरी केलं."

"केलंस."

"रागावला असाल."

"एक सबंध पान रागावले. फाडलं."

ती परत रडायला लागली. म्हणाली, "मला रोज वाटायचं सांगावं. पण पुढे लोक तुमच्याशी कसे वागतील ह्याची भीती. तुम्ही फटकन बोलता, त्यांना लागतं, मग ते तुम्हाला बोलतात. माझ्यासमोर कोणी तुम्हाला बोललेलं मला नाही चालत हो."

माझ्या खांद्यावर कोणाचा हात आहे असे वाटले. मागे वळून बघितले, कोणी नव्हते, हे तर स्वयंपाकघरात होते.

"ताई? ऐकताय ना?"

"ऐकतेय. बोल."

मग ती बोलली. बाळाचे नाक, लेकीचे अंगावरचे दूध, तिकडच्या विहीणबाईंची टोमणे मारायची पद्धत, आणि पहिल्या महिन्यातला तो सहावा माणूस. एक तास. मी मधे एकदाही बोलले नाही. कान दुखायला लागला तेव्हा फोन दुसऱ्या कानाला लावला.